४४ प्राण्यांचे 'मार्गदर्शन कार्ड', साडेतीन महिने वापरून लिहिलेला रिव्ह्यू (आता ४३च आहेत)

पहिलेच सांगून ठेवते, मी काही या असल्या कार्डांची जाणकार नाही. आर्वीकडच्या एका लहान गावात राहते, चार एकर वावर आहे, घरी शिलाई मशीन आहे, दोन बैल, एक गाय, तीन बकऱ्या आणि सासूबाई. रील पाहता पाहता एक बाई दिसली, मेणबत्ती लावून कार्ड काढत होती, म्हणे आज तुम्हाला कोणता प्राणी भेटायला आला ते पाहा, तो तुमच्यासाठी निरोप घेऊन आलाय. मी त्या वेळी कोठ्यातून शेण काढून आली होती, हातही धुतले नव्हते, आणि मला वाटलं आपल्याकडं तर दिवसभर प्राणीच प्राणी, निरोप काही कोणी देत नाही, चला घेऊन पाहू. ६९९ रुपये, कॅश ऑन डिलिव्हरी. कुरिअरवाला गावात येत नाही, फाट्यावरून फोन करते, उन्हात दोन किलोमीटर जाऊन आणलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, रिव्ह्यू वाचून कोणी भांडायला यायला नको.

पॅकिंग एक नंबर. जाड डबा, आतमध्ये जांभळी मखमली थैली, कार्डाच्या कडा सोनेरी, चित्रं तर इतकी सुंदर की मी दोन दिवस नुसतीच पाहात बसली. कागद जाड आहे, पाणी सांडलं तरी लगेच फुगत नाही. कार्ड पुसायला एक मऊ फडकंही दिलं आहे त्यात, त्या फडक्याचं पुढं सांगते.

आता भाषा. पुस्तिका पूर्ण इंग्रजीत. माझं इंग्रजी बारावीपुरतं, म्हणून मोबाईलचा कॅमेरा धरून मराठी करून वाचायची. पहिलंच कार्ड लांडग्याचं निघालं आणि मोबाईलनं लिहून दिलं 'आपल्या आतील लांडग्याला मिठी मारा'. सासूबाई बाजूला वाती वळत बसल्या होत्या, म्हणाल्या, "मागच्या साली लांडग्यानं धनगराच्या तीन बकऱ्या नेल्या, त्याले कोन मिठी मारते वं?"

त्या लांडग्याचं पुढं असं झालं की तिसऱ्या आठवड्यात मी कार्ड ओसरीवर पसरून ठेवले, दूध तापायला ठेवलं होतं म्हणून आत गेली, परत येऊन पाहते तर आमची काळी बकरी सोनेरी कडेचा शेवटचा तुकडा चघळून राहिली होती. मोजले तर ४३. लांडगा गेला. बकरीनं लांडगा खाल्ला हे मी अख्ख्या गावाला सांगितलं. कंपनीला मेसेज केला की एक कार्ड पाठवता का, तर उत्तर आलं की सुटं कार्ड मिळत नाही, पूर्ण सेट परत विकत घ्या. याचा अर्धा स्टार कापला.

आणि प्राणी कोणते तर व्हेल, डॉल्फिन, ध्रुवीय अस्वल, कोयोट. मी मोजलं, ४४ पैकी १७ प्राणी मी डोळ्यांनी पाहिलेले आहेत, त्यातले दोन सर्कशीत. म्हैस नाही, बकरी नाही, गाढव नाही, कावळा नाही, पाल नाही, रोही म्हणजे नीलगाय नाही. अस्वल आहे पण ते नदीत उभं राहून उडती मासोळी पकडते. आपल्याकडचं अस्वल मोहफुलं खाते आणि पहाटे मोहाखाली वाकलेल्या बाईवर धावून येते, त्याचं मार्गदर्शन म्हणजे टोळीनं जा आणि बोलत जा. पुस्तिकेत लिहिलं आहे की ही अमेरिकेतल्या आदिवासींची जुनी विद्या आहे. आमच्या वावरात निंदायला येणारी एक गोंड बाई आहे, तिला वाचून दाखवलं तर ती हसली, म्हणाली हे तर आमच्यातही आहे, प्रत्येक कुळाचं झाड ठरलेलं, प्राणी, पक्षी ठरलेले, आपल्या कुळाचं असलं की मारायचं नाही, तोडायचं नाही. टेकाम म्हणजे टेका, म्हणजे साग. मी इतके वर्ष टेकाम आडनाव ऐकून राहिली, कधी विचारलं नाही. आणि तिनं एक विचारलं ते मला आवडलं, "ताई, कार्डातला प्रानी तुमचा, तं तुम्ही त्याच्यासाठी काय करता?" पुस्तिकेत यावर एक ओळ नाही.

वापरायचं कसं तर रोज सकाळी डोळे मिटायचे, मनात प्रश्न धरायचा, एक कार्ड काढायचं. यातली चांगली गोष्ट सांगते, खरंच चांगली आहे, की त्या निमित्तानं मी चहाच्या आधी दहा मिनिटं गप बसायला लागली. आमच्या घरात विनाकारण बसलेल्या बाईला लगेच काही झालं का विचारतात. कार्ड हातात असलं की कोणी विचारत नाही. याचा एक स्टार आपला पक्का.

आता एकेक अनुभव. घुबडाचं कार्ड निघालं, 'तुमच्यातलं शहाणपण जागं झालं आहे'. सासूबाईंनी ते उपडं करून ठेवलं, सकाळी सकाळी घुबडाचं तोंड कायले दाखवते म्हणे. पण आमच्या कापसाच्या खोलीत दोन वर्षं गव्हाणी घुबड राहिलं होतं, बदामासारखं पांढरं तोंड, आणि ती दोन वर्षं उंदरांनी एक पोतं फाडलं नाही. लक्ष्मीचं वाहन म्हणतात ते उगाच नसावं. घुबडानं मला काय शिकवलं असेल तर रात्रपाळी करायची आणि कोणाला सांगत फिरायचं नाही.

सापाचं कार्ड म्हणते 'जुनी कात टाका, नवे व्हा'. ठीक आहे. पण त्याच आठवड्यात बारदान्यात मण्यार निघाली. मण्यार रात्रीची फिरते, चावली तरी बरेचदा फार दुखत नाही, सूज नाही, झोपेतला माणूस झोपेतच जाते, म्हणून पावसाळ्यात खाली जमिनीवर झोपायचं नाही, खाट घ्यायची आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचायची, आणि काही झालंच तर मांत्रिकाकडं न जाता सरळ दवाखाना. नवं व्हायच्या आधी जिवंत राहावं लागते बाप्पा.

वाघाचं कार्ड तर मी आमच्या ह्यांच्यापासून लपवलं. 'आपल्या ताकदीला घाबरू नका'. आमच्याकडून बोरचं जंगल काही फार लांब नाही, २०१४ ला व्याघ्र प्रकल्प झाला, लहानसाच आहे, आणि वाघाला काही नकाशा वाचता येत नाही. तुरी डोक्याच्या वर गेल्या की कापूस वेचायला एकटी बाई जात नाही. २०१८ ला राळेगाव-पांढरकवड्याकडं अवनी नावाच्या वाघिणीनं माणसं मारली म्हणून नोव्हेंबरात तिला गोळी घातली, तो सगळा हंगाम आमच्या इकडच्या बायाही चार वाजताच पोतं बांधून घरी यायच्या, मोबाईलवर भजनं जोरात लावून. वाघाकडून शिकायचं ते आम्ही असं शिकलो, की हे वावर सातबाऱ्यावर आपलं आहे, रात्रीचं दुसऱ्याचं आहे.

कार्डाच्या बाहेर मला मे महिन्यात जे भेटलं ते सांगते. नांगरटीला ट्रॅक्टर आला होता, आणि धुऱ्याजवळ टिटवी अशी ओरडून राहिली, अंगावर झेप घेऊन राहिली की ड्रायव्हरनं मशीन बंद केली. पाहिलं तर गोट्यांमध्ये चार अंडी, रंग असा की पाय पडल्याशिवाय समजू नये. सासूबाईंनी पहिलं काय पाहिलं तर अंडी उंचावर घातली का सखल जागी. उंचावर घातली तर पाऊस जोरात, असा त्यांचा हिशोब. ह्यांनी तेवढा खाटेएवढा तुकडा नांगरायचा सोडून दिला. मग मी दुपारी भाकर घेऊन गेली की निंबाखाली बसून पाहायची. उन्हाचा पारा ४५ च्या वर, आणि ती टिटवी टाक्याजवळच्या ओलीत पोट भिजवून यायची आणि ओलं पोट घेऊन अंड्यांवर बसायची. परत जायची, परत भिजवून यायची. मी घरी येऊन त्या दिवशीचं कार्ड पाहिलं तर डॉल्फिन, 'आयुष्याशी खेळा'. मी थैलीत टाकून दिलं.

पेरणीच्या तोंडावर नंदीबैलवाला आला, गुबुगुबु वाजवत, बैलाच्या अंगावर रंगीत गोधडी, शिंगांना गोंडे. मला चेष्टा सुचली, कार्ड दाखवले, म्हटलं भाऊ हे पाहा तुमचा धंदा आता डब्यात मिळते. त्यानं एकेक कार्ड नीट पाहिलं, मोराच्या कार्डावर अंगठा फिरवला, आणि म्हणाला, "माय, हे मान हालवते का?" म्हटलं नाही, पण हे नेहमी चांगलंच बोलते. तर तो हसला, "मंग तं आमच्यासारखंच हाय. माह्या नंद्यानं हो म्हनलं का सुपात ज्वारी पडते. नाही म्हनलं का पुढचं घर." आता ढोलाचा ठोका बदलला की बैल मान बदलते हे पोट्ट्यांनाही माहीत आहे, मलाही माहीत आहे, तरी मी विचारलंच पाऊस होईल का, आणि नंदीनं हो म्हटलं, आणि मला बरंच वाटलं. ज्वारी दिली, ह्यांचा जुना सदरा दिला. पण त्याचं ते बोलणं डोक्यातून गेलं नाही.

श्रावणात मंदिरात भागवत सप्ताह होता. अवधूतानं यदुराजाला चोवीस गुरू सांगितले तो भाग आला. लहानपणापासून ऐकला आहे, अजगर पडेल ते खाते, कोळी जाळं काढते आणि गिळून घेते, तेवढंच लक्षात होतं. या वेळी मागं खांबाला टेकून मी बोटांवर मोजत होती. कबुतर पिल्लांमागं जाळ्यात गेलं. पतंग दिव्यावर गेला. मासोळी गळाला लागली. हरीण गाण्याला भुललं. हत्ती हत्तिणीच्या नादानं धरला गेला. मधमाशीनं साठवलं ते दुसऱ्यानंच काढून नेलं. म्हणजे त्यातल्या अर्ध्याअधिक जनावरांनी जे शिकवलं ते स्वतः फसून शिकवलं, आणि अवधूत त्यांना गुरू म्हणून हात जोडते. आणि माझ्या डब्यातले ४३ च्या ४३ मला सकाळपासून म्हणतात तू धाडसी, तू मोकळी, तू खास. एकही जनावर म्हणत नाही की बाई तुझं चुकलं. मला वाटते हाच या वस्तूचा खरा दोष आहे, इंग्रजी भाषा वगैरे नंतर.

आमच्याकडं नाही म्हणणारा पक्षी एकच, कावळा, आणि तोच यांनी ठेवला नाही. सासऱ्यांच्या दहाव्याला कौंडण्यपूरला वर्धा नदीवर गेलो होतो, पिंड ठेवला, वडा ठेवला, दही-भात ठेवला, वर झाडावर दहा कावळे, खाली एक उतरत नाही. पाऊण तास. पंचवीस माणसं उन्हात हात जोडून उभी आणि जो तो तोंड पाडून मनातल्या मनात आपलंच काही राहिलं का ते शोधते. कोणी पुढं होऊन सांगितलं धाकटीचं लग्न करू, कोणी सांगितलं भावाचे पैसे देऊ. मोठ्या भासऱ्यांनी, म्हणजे ह्यांच्या थोरल्या भावानं, शेवटी काय पुटपुटलं ते आजपर्यंत कोणाला समजलं नाही, पण कावळा आला. विज्ञान काय म्हणते ते मला माहीत आहे, घाटावरच्या कावळ्यांचं पोट भरलेलं असते. पण त्या पाऊण तासात आमच्या घरातले जितके हिशोब नीट झाले तितके नंतर तलाठ्याकडंही झाले नाहीत.

बरं, आता हौश्याचं. हौश्या आमचा जुना बैल, गवळाऊ जातीचा, आपल्या वर्धेकडचीच जात, पांढरा, मानेवर राखाडी, चालायला एक नंबर म्हणून नाव हौश्या. आता बारा-तेरा वर्षांचा. मागच्या वर्षी त्याचा जोडीदार मेला, म्हणून एक नवा गोऱ्हा आणला, हौश्यापेक्षा चांगला चार बोटं उंच. या साली डवरणीत, म्हणजे उभ्या पिकात डवरा चालवताना, हौश्या तासात, पिकाच्या दोन ओळींमध्ये, मध्येच थांबायला लागला. हे म्हणाले म्हातारा झाला. मी म्हटलं आळशी झाला, विकून टाका, बचत गटाचं थोडं कर्ज घेऊ आणि पुढच्या वर्षीपासून भाड्याच्या ट्रॅक्टरनं करू. विकायचा कोणाला हा प्रश्न होताच, २०१५ पासून बैल कापायला बंदी आहे तेव्हापासून म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक मिळणं कठीण, आणि मिळते ते कशासाठी नेते हे विचारायचं नसते. मी तेवढा विचार केलाच नाही. मी कार्ड काढलं. तीन दिवस, एकच प्रश्न, विकू का. पहिल्या दिवशी गरुड, 'ओझं जमिनीवर सोडा आणि उंच जा'. दुसऱ्या दिवशी फुलपाखरू, 'बदलाला हो म्हणा'. तिसऱ्या दिवशी घोडा, 'थांबू नका'. आता तुम्हीच सांगा, असा कौल सलग तीनदा मिळाल्यावर कोण नाही विकणार. पोळा झाला की बाजारात न्यायचा असं मी ठरवून टाकलं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी, म्हणजे जू ओढून दुखलेले बैलांचे खांदे शेकायचे. दरवर्षी हे करतात, पण हे आर्वीला बेगड आणि झूल आणायला गेले होते, एसटी चुकली, म्हणून मीच गरम पाणी, हळद आणि लोणी घेऊन कोठ्यात गेली. गोऱ्ह्याचं झालं. हौश्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याचं पूर्ण कातडं असं थरारलं की मीच मागं सरकली. केस बाजूला करून पाहिलं तर जिथं जू टेकते तिथं लिंबाएवढी सूज, गरम, मधून फाटलेली, वास येत होता. तो काही मारायला आला नाही. त्यानं मान खाली घेतली आणि उभा राहिला.

फडकं शोधायला मी घरात पळाली, हाताला कार्डांचं ते मऊ फडकंच लागलं. साडेतीन महिने मी त्या फडक्यानं रोज ४३ चित्रं पुसत होती. जखम धुऊन त्यानंच पुसली. खांदा शेकताना म्हणायचं असते 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या', ते माझ्या तोंडातून नीट निघालंच नाही. सासूबाई कंदील धरून उभ्या होत्या, त्या एवढंच म्हणाल्या, "तासात थांबे तवा थो सांगूनच राह्यला होता ना, पोरी."

सकाळी १९६२ या जनावरांच्या फिरत्या दवाखान्याच्या नंबरवर फोन केला, गाडी आली. डॉक्टर म्हणाले खांदेसूज आहे, उंच आणि ठेंगणा बैल एका जुवाला लावला की जू तिरपं बसते, सगळा भार ठेंगण्याच्या खांद्यावर घासते, त्यात पावसानं भिजलेलं कातडं. इंजेक्शन दिलं, मॅगसल्फ आणि ग्लिसरीनचा लेप सांगितला, आणि महिनाभर जू लावायचं नाही. या वर्षी हौश्या पोळ्याच्या तोरणाखाली गेलाच नाही. गावात झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, सुरू होत्या, हर हर महादेव इथपर्यंत ऐकू येत होतं, आणि तो कोठ्यात पुरणपोळी खाऊन राहिला होता. बाजारात नेला नाही. जू सुताराकडून तासून आणलं, डवरणीचं राहिलेलं काम चुलतभावाच्या जोडीनं उरकलं, त्याला दोन दिवसांची मजुरी दिली. हौश्यानं परत काम करावं का नाही ते अजून ठरलं नाही. सध्या बांधलेला आहे, कुटार खाते, मी गेली की खांदा पुढं करते.

तर रिव्ह्यू. चित्रं पाच पैकी पाच. भाषा शून्य. प्राण्यांची निवड एक, तोही मोरासाठी. सकाळची शांतता मिळते, पण ती निंबाखाली फुकट मिळते आणि तिथं टिटवीही असते. शहरात एकटं राहणाऱ्या माणसाला, ज्याच्या घरात एक पालही नाही, त्याला कदाचित उपयोग होईल, माझ्या पुण्याच्या भाचीला आवडले. ज्याच्या दारात जनावर बांधलेलं आहे त्यानं घेऊ नये, लक्ष भलतीकडं जाते. कोणताही पैशापाण्याचा, औषधाचा, विकण्या-घेण्याचा प्रश्न यांना विचारू नका, हे नंदीबैलासारखे हो म्हणतात आणि वरून ज्वारीही परत देत नाहीत. एकूण अडीच स्टार.

कोणाला पाहिजे असल्यास मी ३०० रुपयांत देऊन टाकते. ४३ कार्ड, डबा, थैली, पुस्तिका. पार्सलचा खर्च तुमचा, फाट्यापर्यंत मी आणून देईन. फडकं मिळणार नाही. लांडगाही नाही.